बद्द वाजलेले नऊ

"हिराक्का, ह्यो परत वाजीव बघू," मी म्हटलं.

हिराक्कानं हातोडी उचलली आणि साखळीच्या आकड्याला टांगलेल्या हबावर मारली. तडा गेलेलं मडकं वाजावं तसा आवाज आला. बद्द. ती माझ्याकडं बघायला लागली, मी हबाकडं.

"वाळू आसंल आत," ती म्हणाली.

मी हब खाली घेतला, छिन्नीनं कानाकोपरा खरवडला, फुंकर मारली, आत बोट फिरवून बघितलं. वाळूचा एक कण नव्हता. परत टांगला, परत मारला. बद्द. शेजारचा टांगला, तो देवळातल्या घंटेसारखा घुमला. त्याच्या पुढचा पुन्हा बद्द. सकाळी दहापर्यंत मी असे नऊ हब बाजूला काढले, प्रत्येकावर खडूनं फुली मारली आणि भिंतीकडेला रचून ठेवले.

शिरोलीच्या एमआयडीसीतली आमची फौंड्री. साल सत्याऐंशी, दसरा पंधरा दिवसांवर आलेला. सफाईच्या शेडमध्ये आम्ही सहा बायका होतो. साचे फोडून आलेल्या मालाची वाळू झाडायची, कडेला आलेले पापुद्रे छिन्नीनं उडवायचे, हे आमचं काम. माझा नवरा दिनकर तिथंच साचे भरायला होता. त्या वर्षी मुख्य काम चाललं होतं ते ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या हबांचं. हब म्हणजे चाकाच्या मधला ठोकळा, त्याच्यावरच सगळं चाक बसतं. तो फुटला की चाक गेलं, आणि चाक गेलं की दहा-बारा टनांची ट्रॉली आडवी. कारखान्याला ऊस टाकून त्या ट्रॉल्या रिकाम्या परत जातात तेव्हा त्यांत तोडणीवाल्यांची बिऱ्हाडं बसलेली असतात. बायका, तान्ही पोरं, भांडीकुंडी, सगळं. आमच्या वस्तीपुढच्या रस्त्यानंच जायच्या.

हबाचा आवाज ऐकायला मला धाकट्या मालकांनीच शिकवलं होतं. उदयराव त्यांचं नाव. थोरल्या मालकांनी जन्मभर साधं बीड ओतलं. बिडाचे तवे, इंजिनांची चाकं, मोटारींची अंगं. बीड टिकायला चांगलं, पण वाकायचं नाव नाही. घाव बसला की तुटणार. उदयराव शिकून आले, विजेची भट्टी घातली आणि एक दिवस सगळ्यांना अंगणात बोलावलं. पोलादी चिमट्यात जुन्या बिडाची कांब धरली, घण घातला, कांब खडीसाखरेसारखी तुटली. मग नवी धरली. घण घातला, ती वाकली. आणखी घातला, आणखी वाकली. बापजन्मात बीड वाकलेलं कुणी बघितलं नव्हतं. सिद्राम मिस्त्री, भट्टीचा जुना माणूस, त्यानं पुढं होऊन त्या कांबीला हात लावला आणि कपाळाला लावला.

"जुन्या बिडात कोळशाचा अंश पापुद्र्यासारखा पसरलेला असतो," उदयरावांनी आम्हाला समजावलं होतं. "पापुद्र्याच्या कडेनं चीर धावते. आपण ओतायच्या आधी त्यात मॅग्नेशियम घालतो, मग तोच अंश मोहरीसारखा गोल होतो. मोहरीपाशी चीर थांबते. पण मॅग्नेशियम कापरासारखं आहे. घातल्यावर आठ-दहा मिनिटांत ओतलं तर ठीक, नाहीतर उडून जातं आणि मागं उरतं आपलं जुनं बीडच. वरून बघून ते ओळखू येत नाही. वाजवून मात्र कळतं."

आणि मग सगळ्यांतून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "मालन, तुझा कान चांगला आहे. तू वाजवायचं."

मला त्यांचा किती अभिमान वाटला होता ते आता सांगायला लाज वाटते. घरी येऊन मी दिनकरला दोनदा सांगितलं होतं.

तर ते नऊ हब भिंतीला लावून मी भट्टीवर गेले. सिद्राम मिस्त्री घमेल्यात राख भरत होता. मी विचारलं, "मिस्त्री, कालच्या ओतणीत काय झालं?"

"काय हुतंय? वतलं की."

"नऊ बद्द वाजाय लागल्यात."

त्यानं घमेलं खाली ठेवलं. आजूबाजूला बघितलं. "निम्मी लॅडल वतून झालती," तो हळू आवाजात म्हणाला. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड वाहायचं मोठं भांडं. ते वरच्या विजेच्या क्रेनला लटकलेलं असतं. "आन लाईट गेली. क्रेन हितल्या हितं उभी. मी वरनं तुसाची राख टाकली, गरम ऱ्हावं म्हणून. पंधरा-सोळा मिनटांनी लाईट आली. मी म्हणालो, ह्ये परत भट्टीत टाकू या. साहेब म्हणाले, वता."

"साहेब म्हणाले?"

"माज्या नावावर घालू नगस," तो म्हणाला आणि घमेलं उचलून निघून गेला.

मी तशीच ऑफिसात गेले. पदराला वाळू, हातात हातोडी. उदयराव कागदावर काहीतरी लिहीत होते.

"साहेब, नऊ हब बद्द वाजताहेत."

"कालच्या ओतणीतले?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

तिथंच मला कळलं की त्यांना ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नसतं त्यानं आधी मान वर केली असती.

"व्हय. कालच्यातलेच."

"त्याच ओतणीतली चाचणीची कांब, तो बार पास झालाय, मालन. माझ्या हातानं वाकवलाय मी."

"बार लाईट जायच्या आधी वतलाय, साहेब. ह्ये नऊ मागनं वतल्यात."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी सांगाय कशाला पायजे? लाईट गेली तवा मी बी हितंच हुते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, मगदूम आण्णांना एकशेसाठ हब आज पोचायला पाहिजेत. दसऱ्याला त्यांच्या ट्रॉल्या बाहेर पडायच्या आहेत. नऊ काढले तर नवीन ओतायला चार दिवस. आणि मी सांगितलेल्या वेळेला माल गेला नाही तर पुढच्या वर्षी ते आपल्या दारात उभे राहणार नाहीत."

"निदान एक फोडून तरी बघा."

"काही गरज नाही. इतकी वर्षं साध्या बिडाचे हब चालतच होते ना? हेही चालतील."

"त्ये हब दुप्पट जाड हुते, साहेब. ह्ये तुम्ही पातळ केल्यात. नवं लोखंड हाय, तुटत न्हाई, म्हणून पातळ केल्यात. आता लोखंड जुनं आन जाडी नवी, कसं चालंल?"

एवढं मी बोलेन असं त्यांना वाटलं नसावं. चेहरा लाल झाला. पण आवाज चढवला नाही. शिकलेली माणसं चढवत नाहीत.

"मालन, सातवी शिकलेल्या बाईकडून धातुशास्त्र शिकायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. तुला हातोडी दिली ती वाळू झाडायला. जा, कामाला लाग."

मी तिथून कशी बाहेर आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की पुढचे दोन तास मी मालावर असे घाव घातले की हिराक्का म्हणाली, "बया, हातोडीचा दांडा मोडंल." दुपारी भाकरी खायला गेले. पाणी पिऊन परत आले तेव्हा भिंत मोकळी होती. नऊच्या नऊ गेलेले. फाटकापाशी ट्रक उभा, त्यावर हब रचलेले, सगळ्यांना तांबडा रंग मारलेला. माझ्या फुल्या त्या रंगाखाली गेल्या होत्या. मी पळत गेले तोवर ट्रक फाटकाबाहेर पडला होता.

संध्याकाळी दिनकर हातपाय धुऊन बसला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा बघून कळत होतं, त्याला आधीच कुणीतरी सांगितलं होतं.

"माझा साचा चांगला हुता," तो म्हणाला.

"तुमच्या साच्याला कोण काय म्हणतंय? मी लोखंडाचं बोलतेय."

"मग साहेब बघतील की. त्यांचं लोखंड, त्यांची भट्टी."

"त्यांनी बघितलं आन धाडलं. आता चाक निखळून ट्रॉली पालथी झाली म्हंजे?"

"चाळीस माणसं पोट भरत्यात तिथं, मालन. मगदूमाचं काम गेलं तर भट्टी थंड. तू आन मी दोघंबी घरात."

"आन त्या ट्रॉलीतली माणसं?"

त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "तुला दिसणार हाय का ते? कुठं मराठवाड्यातली माणसं, कुठल्या रस्त्याला पडतील, तुला कोण सांगाय येणार हाय?"

तसा तो वाईट माणूस नव्हता. माझ्यावर हात कधी उचलला नाही, दारू प्यायला नाही. पण त्या एका वाक्यानं माझ्या अंगाचा जाळ झाला. दिसलं नाही म्हणजे झालं नाही. साहेबांचा रंग आणि नवऱ्याचं बोलणं, दोन्ही सारखंच.

दुसऱ्या दिवशी मी कामावर खाडा केला. पिशवीत भाकरी, भाकरीखाली फडक्यात गुंडाळलेली माझी हातोडी, आणि हातकणंगल्याची एस.टी. धरली.

बाबगोंडा मगदूमांचं ट्रॉलीचं वर्कशॉप रस्त्यालाच होतं. स्वतः मगदूम आण्णा पांढरी टोपी घालून पत्र्याच्या सावलीत उभे होते, पन्नाशीचा धिप्पाड माणूस. मी नमस्कार केला.

"शिरोलीहून आले, आण्णा. कालचे हब वाजवून बघायचेत."

"वाजवून?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "फौंड्रीतली काय तू?"

"व्हय. सफाईत हाय. नऊ हब त्यात चुकीचे आल्यात. काढून देते."

त्यांना काय वाटलं कोण जाणे. कदाचित बाईमाणूस एवढ्या लांबून एकटी आली म्हणजे कुणीतरी पाठवली असणार असं त्यांनी धरलं. दोन गडी दिले, कप्पीची साखळी दिली. गडी एकेक हब टांगत गेले, मी एकेक वाजवत गेले. ऊन वर चढलं. रंगामुळं आवाज थोडा दबलेला, म्हणून मी प्रत्येक हब दोनदा वाजवत होते. पहिले तीस चांगले निघाले तेव्हा गडी एकमेकांकडं बघून हसायला लागले. एकतिसावा बद्द वाजला. मी म्हटलं, "हा उतरा. बाजूला ठेवा." पुढं लागोपाठ दोन. मग गडी हसायचे थांबले.

ढीग संपला तेव्हा आठ झाले होते.

"संपलं," एक गडी म्हणाला.

"न्हाई. अजून एक हाय."

"बारा हब ट्रॉल्यांच्या आक्सावर चढवल्यात कालच."

"मग ते खाली काढाय लागतील. चढवल्यावर चांगला हबबी बद्द वाजतो."

गड्यांनी कुरकुर केली, पण आण्णा म्हणाले, "काढा." पाना लावून एकेक हब उतरवला. अकरावा बद्द निघाला. ज्या ट्रॉलीवरून तो उतरवला तिच्या पाठीमागच्या फळीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि खाली 'शुभ लाभ' रंगवूनसुद्धा झालं होतं.

आण्णांनी मग घण मागवला. बद्द वाजलेला एक हब दगडावर ठेवून स्वतःच्या हातानं घातला. एका घावात दोन तुकडे झाले. तुटलेली बाजू फुटलेल्या पाटीसारखी काळपट. मग घुमणारा एक घेतला. तीन घाव घातले, नुसते पोचे पडले. आण्णांनी घण खाली ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि आत जाऊन फोन फिरवला.

पाऊण तासात उदयरावांची फियाट आली. ते उतरले. त्यांनी फुटलेल्या हबाचे दोन तुकडे बघितले, बाजूचे आठ बघितले आणि मग माझ्याकडं बघितलं. डोळे क्षणभर मिटून उघडले. तेवढ्यात त्यांनी ठरवलं असणार.

"सापडले का नऊच्या नऊ?" त्यांनी मला विचारलं. जणू मी त्यांच्याच कामाला आले होते.

मी हातोडी फडक्यात गुंडाळायला लागले.

"आण्णा, माफ करा, मी स्वतःच येणार होतो," ते म्हणाले. "काल माल गेल्यावर मला शंका आली. मधे लाईट गेली होती. म्हटलं, गेला तरी माल आपलाच, आपल्या नावाचा. म्हणून सकाळीच हिला पाठवलं. आमच्याकडं हिच्यासारखा कान कुणाचा नाही."

मगदूम आण्णा वळले. "खरं काय, बाई? ह्यांनी पाठवलं तुला?"

मी उदयरावांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. असती तर बरं झालं असतं. ते शांतपणे माझ्याकडं बघत होते, आणि ते काय सांगत होते ते मला स्पष्ट ऐकू येत होतं: दिनकर, सिद्राम, हिराक्का, चाळीस चुली. बोल आता.

मला एवढा राग आयुष्यात परत कधी आला नाही. तो राग घेऊन मी त्या उन्हात उभी होते आणि माझी जीभ आपोआप वळली.

"व्हय," मी म्हटलं. "साहेबांनीच पाठवलं."

मगदूम आण्णांनी उदयरावांच्या पाठीवर थाप मारली. गेलेल्या मालामागं स्वतःहून माणूस पाठवणारा कारखानदार आपण पहिल्यांदाच बघितला असं म्हणाले. पुढच्या दोन वर्षांचं काम तिथल्या तिथं सांगून टाकलं. चहा आला. मलाही दिला. मी कपाला तोंड लावलं नाही.

परत येताना मी गाडीत मागच्या सीटवर आणि डिकीत ते नऊ. बऱ्याच वेळानं उदयराव म्हणाले, "मालन, आज तू फौंड्री वाचवलीस. हे मी विसरणार नाही."

"मग उद्या सगळ्यांपुढं सांगा. मालनचं बरोबर हुतं आन माझं चुकलं, एवढंच सांगा."

"सांगू की."

"आन मला परत हातोडीवरनं बोलू नका."

"नाही बोलणार," ते म्हणाले. आरशात त्यांचे डोळे मला दिसत होते. ते रस्त्याकडं बघत होते.

सकाळी मी आणि दिनकर नेहमीसारखे डबे घेऊन गेलो. फाटकावर नामा वॉचमन आडवा आला. त्याला बिचाऱ्याला माझ्याकडं बघवत नव्हतं.

"वैनी, तुम्हाला आजपास्नं नको म्हणून सांगितलंय साहेबांनी."

"का?"

"न विचारता गिऱ्हाइकाकडं गेल्या म्हणून."

मी दिनकरकडं बघितलं. त्याच्या हातात डबा होता. त्यानं नामाकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं, खाली बघितलं. भोंगा झाला. दिनकर आत गेला.

दिनकरला मी त्याबद्दल बोल लावत नाही, असं मी लोकांना सांगते. लावते. आजही लावते.

नंतर मी दुसऱ्या एका फौंड्रीत पंचवीस वर्षं गाभे थापले. गाभे म्हणजे ओतकाम आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे. काम वाईट नव्हतं. आमची जुनी फौंड्री मात्र वाढत वाढत गेली. शेजारचे दोन प्लॉट घेतले, तीन भट्ट्या झाल्या, परदेशाला माल जायला लागला. आणि फौंड्रीबरोबर ती गोष्टही वाढली. साहेबांनी रातोरात शंका आल्यावर एका बाईला स्वतःच्या गाडीत घालून मगदूमांकडं पाठवलं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायचे. एकदा मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर दिनकर आमच्या जावयाला तीच गोष्ट सांगत होता, तशीच, साहेबांच्या गाडीसकट. मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आले. तो मला बघून गप्प झाला. पोळी जळली.

दोन हजार बाराला नव्या लोखंडाला पंचवीस वर्षं झाली म्हणून फौंड्रीनं कोल्हापुरात मोठा समारंभ ठेवला. दिनकर निवृत्त झाला होता, त्याला बोलावणं होतंच. मला बोलवायला उदयराव स्वतः घरी आले. केस पिकलेले, चष्मा, अजून तसेच शांत.

"मालनबाई, तुमचा सत्कार करायचाय."

पूर्वीची 'तू' आता 'तुम्ही' झाली होती.

"कशाबद्दल?"

"त्या दिवसाबद्दल."

"त्या दिवशी काय झालं म्हणून सांगणार हायसा तुम्ही तिथं?"

ते चष्मा पुसायला लागले. "आता इतकी वर्षं लोकांना माहीत आहे तेच."

मी येते म्हटलं. दिनकरला आनंद झाला. त्याला वाटलं, बाई निवली एकदाची.

मोठा हॉल, खुर्च्या भरलेल्या. स्टेजवर उदयरावांनी सगळी गोष्ट सांगितली. छान सांगतात ते. लाईट जाणं, शंका, झोप न येणं, माल आपल्या नावाचा, विश्वासू कामगार. लोक तल्लीन झाले होते. मग माझं नाव पुकारलं. साडी, नारळ आणि हबाच्या आकाराचं एक पितळी चिन्ह माझ्या हातात दिलं, आणि निवेदन करणाऱ्या मुलीनं हसून माईक माझ्या तोंडापुढं धरला. "आजी, साहेबांनी टाकलेल्या विश्वासाबद्दल दोन शब्द."

मी साडी-नारळ टेबलावर ठेवला.

"मला कुणी पाठवलं नव्हतं," मी म्हटलं. "ते नऊ हब वाईट हायत म्हणून मी ह्यांना आदल्या दिवशीच सांगितलं हुतं. त्यांनी ते रंग लावून धाडले. मी माझ्या एस.टी.च्या तिकिटानं गेले. तिथं खोटं मी बी बोलले, चाळीस माणसांसाठी बोलले, आन दुसऱ्या दिवशी मला फाटकातनं हाकलली."

दुसऱ्या वाक्यालाच कुणीतरी माईक बंद केला होता. पण सहा हातोड्यांच्या वर आवाज काढून मी तरुणपण घालवलेलं; हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. टाळी एकानंही वाजवली नाही. उदयराव टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत राहिले. निवेदन करणारी पोरगी पुढचं कार्ड शोधायला लागली. तिसऱ्या रांगेत दिनकर मान खाली घालून बसला होता.

मी खाली उतरले. पहिल्या रांगेतून जाताना कुणीतरी माझा पदर धरला. मगदूम आण्णा. पंच्याहत्तरी पार केलेले, वाळून गेलेले, दोन्ही हात काठीवर. त्यांनी मला खाली वाकायची खूण केली.

"बाई," ते कानाशी म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू 'व्हय' म्हणालीस तेव्हा तुझं तोंड बघूनच कळलं होतं."

"कळलं हुतं? मग बोलला का न्हाईत?"

"दसऱ्याला ट्रॉल्या द्यायच्या होत्या. दुसरा फौंड्रीवाला कुठनं आणू ऐनवेळी? म्हटलं, हब तर चांगले मिळाले. बाकीचं त्यांचं त्यांना."

पंचवीस वर्षं मला वाटत होतं, तिथं एक माणूस फसला. कुणीच फसलेलं नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळ्यांचं भागलं होतं. रस्त्यावर आले ती मी एकटी.

"आण्णा," मी म्हटलं, "आता ह्ये वर जाऊन सांगा."

त्यांनी स्टेजकडं बघितलं. उदयरावांकडं बघितलं. मग हातातल्या काठीकडं.

"पायऱ्या चढवत नाहीत ग आता," ते म्हणाले.

पाच पायऱ्या होत्या. मी त्यांची काठी काढून घेतली, काखेत मारली आणि त्यांचा दंड घट्ट धरला.

"उठा," मी म्हटलं. "मी चढवते."